राखलेले पांढरे

४ ऑगस्ट
आज चित्रशाळेत रुजू झालो! वर राहायला खोली, खाली उत्तरेच्या स्थिर उजेडाचा वर्ग. माझ्यासारख्या जलरंगवेड्याला आणखी काय हवे? वर्गात कमरेएवढा दगडी हौदही आहे. जाड कागद त्यात भिजवून फळीवर ताणून चिकटवला, म्हणजे रंग देताना त्याला पोक येत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींनी सांगितले की आधीच्या शिक्षिका डावखुऱ्या होत्या, म्हणून कुंचले डावीकडे. आणि त्या याच हौदात बुडून गेल्या, चक्कर आली म्हणे. ‘म्हणे’वर त्यांनी झाडू जरा जोरात आपटला. संचालक हसून म्हणाले, मास्तर, मावशींचं मनावर घेऊ नका, त्या भिंतीलाही बोलतं करतील.

७ ऑगस्ट
पहिला धडा. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, राखायचा असतो. कागदावर मेणबत्तीने रेघा ओढा, वरून पातळ रंग सोडा. मेणावर रंग धरत नाही आणि तेवढा कागद कोरा उजळतो! मी मेणाने ढग काढून निळा थर दिला. ढगाभोवती आणखी काही उमटले: हौदावर वाकलेली बाई, तिच्या मानेवर पुरुषाचा पंजा. कुणाची तरी खोडी असावी.

९ ऑगस्ट
कागदाचा नवा गठ्ठा स्वतः फोडला. मेण लावलेच नाही. तरी तेच चित्र, अधिक रेखीव. पंजाचा अंगठा वाकडा. तसाच अंगठा सकाळी किल्ली देताना संचालकांच्या हाताला पाहिला. मावशींना विचारले. त्या कुजबुजल्या, बाईंच्या चित्रांवर हे संचालक आपली सही ठोकून विकायचे. बाई चारचौघांत सांगणार होत्या.

१२ ऑगस्ट
चित्र बदलले. हौदात आता संचालक. शेजारी बाई, विद्यार्थ्याचे काम पसंत पडल्यासारख्या. संचालकांच्या मानेवर डावा हात, मनगटावर तीळ. माझ्या मनगटावर आहे तसा. मी कपाटात कुलूप लावून ठेवलेली मेणबत्ती अर्धी झिजली आहे. माझ्या डाव्या नखांत मेण — मी तर उजव्या हाताने —

१३ ऑगस्ट
राजीनामा दिला. कारणही सांगितले. संचालक खो-खो हसले. अहो मास्तर, हौदाला काय घाबरता, हा बघा, तोंड धुऊन दाखवतो. नको म्हणून हात जोडायला गेलो — डावा आलाच नाही.

ते वाकले आहेत.

ओरडायचे आहे — आवाज —

वाचणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, लिहितो आहे तो उजवा हात माझा. डावा