सरकीच्या पोत्यातलं बी

१० मे, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.
भागाफुई माहेरी आली. माझी आत्या. पदराच्या गाठीत गावरान कापसाचं बी, ओंजळभर. रस्ता रुंद झाला, त्यात तिच्या अंगणातलं कापसाचं झाड गेलं. "सांभाळीसन ठेव भाऊ, मन्हाजोडे आते आखो नही शे," म्हणाली. एवढंच उरलंय तिच्याकडे. तिचे डोळे भरले. माझेही, पण दाखवलं नाही. पंचायत समितीत नोकरी केलेला माणूस. निश्चय: खान्देशात गावरान कापूस परत आणणार. सुरुवात शिंदखेडा तालुक्यापासून.

११ मे.
शेजारचा पितांबर आला. सहजच म्हणे. सहज कोणी येतं का? फुईची तब्येत विचारता विचारता कपाटाकडे बघत होता. पाणी कुठेतरी मुरतंय.

१२ मे.
बी कपाटातून देव्हाऱ्यामागे. दुपारी पिठाच्या डब्यात. संध्याकाळी खरी आयडिया सुचली. गोठ्यात म्हशीच्या सरकीचं पोतं आहे. कापसाचं बी म्हणजे सरकीच. सरकीत सरकी कोण शोधणार? पुरचुंडी बांधली तर संशय येईल, म्हणून मोकळंच टाकलं, अगदी वर. बायकोला सांगितलं नाही. रत्नाचं आणि पितांबरच्या बायकोचं फार जमतं.

२० मे.
व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'गावरान क्रांती'. पितांबरने नुसता अंगठा टाकला. कशाबद्दल अंगठा, विचारलं. परत अंगठाच. ग्रुपमधून काढला.

४ जून.
पोतं काठोकाठ भरलेलं! चोरीत माल कमी होतो, इथे वाढलाय. काय डाव असेल? म्हैस मात्र तुकतुकीत दिसते.
पितांबर आमचं शेणखत ट्रॉली भरून घेऊन गेला. रत्नाने परस्पर दिलं. मी ट्रॉली अडवून काठीने ढोसून तपासली. शेणच होतं. जाऊ दिली.

१९ जून.
पेरणी. पोत्यातली वरची ओंजळ घेतली, शेणमातीत चोळली, जुनी माणसं चोळायची तशी. पितांबर बांधावरून म्हणाला, अमृतभाऊ, ही तर ढोरांची सरकी वाटते. जळतो मेला.

२३ जुलै.
काही झाडं ढोपराएवढी, काही अजून जमिनीला धरून. फुई फोनवर म्हणाली, गावरानचं पान अरुंद असतं, बोटांसारखं. आपलं पंजाएवढं रुंद आहे. खत जास्त झालं असेल. तिला कळवलं, पीक जोरात.

२६ ऑगस्ट.
चोर सापडला! पितांबरच्या शेतात, बांधाला लागून चार झाडं. अरुंद पानं, पिवळी फुलं. लपूनछपून फोटो काढले. फुईला पोळ्याला बोलावलंय. सगळ्यांसमोर पितळ उघडं पाडणार. भाषण पाठ झालंय, फक्त शेवटी आवाज चढवायचा राहतो.

२ सप्टेंबर, पोळा.
फुई माझ्या शेतात ओळीओळीने फिरली. एक पान हातात धरलं. "हाई मन्हं नही शे." मग बांध ओलांडून पितांबरच्या त्या झाडांपाशी गेली आणि खाली बसून रडायला लागली. मी भाषण सुरू केलं. चोर या शब्दापर्यंत पोचलो, तेवढ्यात रत्नाने शांतपणे विचारलं, बी ठेवलं कुठे होतं? सांगितलं.
तिने कपाळाला हात लावला. "अहो, नवी सरकी भरण्याआधी ते मी म्हशीला घातलं."
पितांबर म्हणाला, मी ही झाडं लावलीच नाहीत. तुमच्या शेणखतातून उगवली. उपटणार होतो, पण पान ओळखीचं वाटलं म्हणून राखली.
म्हशीच्या पोटातून! मी काठीने तपासलेल्या ट्रॉलीतून!
फुई रडता रडता हसायला लागली. मग सगळेच. पितांबर तिला म्हणाला, बोंडं फुटली की बी तुमचंच. अट एकच, अमृतभाऊकडे ठेवायचं नाही.
फुई माझ्याकडे न बघता हो म्हणाली.
संध्याकाळी रत्नाने पुरणपोळी आधी म्हशीला भरवली. मग मला वाढली.