तेरा टक्के

३ मार्च, सोमवार

यंत्र आलं. मोबाईलएवढंच आहे, पाठीमागे चकचकीत पट्ट्या. पट्ट्यांवर पाणी मारायचं आणि दंडावर, पोटावर, मांडीवर दाबून धरायचं. दोन आकडे येतात — अंगात चरबी किती टक्के, आणि स्नायूंचा दर्जा किती. अनिरुद्ध सर साहेबांचे ट्रेनर. म्हणाले, "दर आठवड्याला मोजू. आधी साहेबांचं, मग तुझं. दोघांचे आकडे जुळले पाहिजेत, आकाश. बाकी मला काही नको."

साहेब म्हणजे हिरो. मी त्यांचा डुप्लिकेट. उंची तीच, खांदे तेच, मानेवरचे केस त्यांच्यासारखे कापून घेतलेले. पाठमोरा, लांबून, पाण्यात, पळताना — तो मी. तोंड वळलं की ते.

माझी चरबी तेरा टक्के, दर्जा एकशे चार. साहेबांचं किती? सरांनी यंत्र तळहाताखाली झाकलं. का? आकडे जुळवायचे तर मला दुसरा आकडा कळायला नको?

हे शूटिंग नीट पार पडलं तर साहेबांच्या पुढच्या तिन्ही सिनेमांत मीच. सर स्वतः बोललेत. चार वर्षं जिममध्ये दुसऱ्यांच्या हातात डंबेल उचलून दिले, आता कुठे हे दिसतंय. आईला सांगितलेलं नाही. ती सगळ्या बिल्डिंगला सांगेल आणि मग कोणाची तरी नजर लागेल.

५ मार्च, बुधवार

मढच्या शूटिंगच्या बंगल्यावर सकाळभर एका दरवाजासमोर पाठ करून उभं केलं. उघडं. लाईट टेस्ट म्हणे. लाईट बघायला एवढे फोटो लागतात? विचारलं तर फोटोवाला म्हणाला, "वळू नको रे."

८ मार्च, शनिवार

मेकअपच्या एका पोरीला काढून टाकलं. साहेबांच्या गालांबद्दल काहीतरी गमतीत बोलली म्हणे. दुसऱ्या दिवशी घरी! साहेबांच्या शरीराबद्दल सेटवर कोणी चकार शब्द काढायचा नाही, असा नियमच आहे. मला कारण कळतं. शरीर हेच त्यांचं भांडवल, ते कसं कमावतात हे बाहेर जायला नको. म्हणून तर मढच्या एवढ्या उकाड्यात टोपीवालं ढगळ जॅकेट घालून बसतात. महिना झाला, उघडा दंड कोणी पाहिलेला नाही.

१२ मार्च, बुधवार

पुन्हा तेरा. सर आकड्याकडे बघत राहिले. म्हणाले, "फरक वाढतोय रे."

कुठल्या बाजूने ते बोलले नाहीत. बोलायला कशाला पाहिजे? साहेब खाली चाललेत आणि मी जागच्या जागी.

२० मार्च, गुरुवार

सापडला दुसरा आकडा!

घाटकोपर मेट्रोच्या जिन्याशी नवीन होर्डिंग लागलंय. कसल्यातरी पावडरीची जाहिरात. साहेब पाठमोरे, उघडे, मान वळवून बघतायत. मागे निळा पडदा. खाली हे एवढ्या अक्षरांत — "चरबी फक्त आठ टक्के!"

काय पाठ आहे. मी पाच मिनिटं उभा राहिलो, लोक धक्के मारून जात होते. कधीपासून व्यायाम करतोय, पण असली पाठ आपल्याला यायची नाही. आणि एवढी भरलेली असून आठ! सर म्हणूनच आकडा झाकत होते. मी घाबरून पळून जाईन असं वाटलं असेल त्यांना.

आजपासून भात, भाकरी, तेल बंद.

२२ मार्च, शनिवार

कपड्यांची दर्शना आज टेप घेऊन कमरेशी आली. प्रत्येक शर्टाचे दोन नग असतात, एक साहेबांचा, एक माझा. वैतागून म्हणाली, "ए हिरो, एक शर्ट आत घेतेय, दुसरा बाहेर काढतेय. बोटं मोडली माझी. तुम्ही दोघं मिळून काय ते ठरवा ना."

कोणाचा आत ते विचारलं तर ओठांवर बोट ठेवून निघून गेली. ही नक्की सरांना सगळं सांगत असणार.

२६ मार्च, बुधवार

अकरा! दर्जा मात्र एकशे चारचा नव्व्याण्णव. सरांनी पाणी कमी मारलं, मी बघत होतो. पट्ट्या कोरड्या असल्या की दर्जा पडतो. पुन्हा मारायला लावलं. नव्व्याण्णवच. बॅटरीत काहीतरी असेल.

चेहरा तर असा केला सरांनी की मी काही चोरलंय. दोन टक्के उतरवले, शाबास म्हणायचं सोडून! आणि दुपारी स्पॉटदादाच्या हातून माझ्यासाठी शिरा पाठवला. वाटीभर, तुपात पोहणारा. "सरांनी दिलाय. सगळा संपव म्हणाले."

परीक्षा घेतायत, दुसरं काय. मी खाल्ला की आकडा दाखवून म्हणणार, बघ, तुझ्यात दम नाही. बंगल्याच्या कुत्र्याला घातला. त्याने वाटी चाटूनपुसून लख्ख केली.

२९ मार्च, शनिवार

निलेश सेटवर! आमच्या जुन्या जिममधला. उंची माझ्याएवढी, पोट मात्र पुढे. विचारलं, इथे कसा? "सर बोलले, येऊन बस. काम निघालं तर निघालं. तू काय रे आक्या, आजारी-बिजारी आहेस काय?" बोलता बोलता दोन वडापाव संपवले. पोटावर चटणी सांडली तर ती बोटाने उचलून खाल्ली.

मला घाबरवायला आणलाय त्याला. त्याच्याकडे बघून हसू येतं, पण सर उगाच काही करणारे नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय.

३० मार्च, रविवार

घरातसुद्धा! डाळीवर तूप तरंगत होतं. मी आईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "कुठंय तूप? डाळच तशी हाय." मी वाटी लाईटखाली धरली. पिवळे गोल गोल थेंब, स्पष्ट. मग भाजीत बोट घालून बघितलं — दाण्याचं कूट. चटणीत पण तेल.

नको ते बोललो. म्हणालो, तुला माझं चांगलं व्हायला नकोच आहे. बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच, असं कधी बोललो नव्हतो. ती ताट उचलून आत गेली.

पण मुद्दा तोच राहतो. तिने तूप का घातलं? आणि कबूल का केलं नाही?

२ एप्रिल, बुधवार

दहा. दर्जा पंच्याण्णव.

सर म्हणाले, "यंत्र घरी घेऊन जा. रोज सकाळी बघ. दर्जा का पडतोय त्याचा जरा विचार कर." म्हणजे यंत्र हरवलं की माझ्या नावावर. बरोबर घेऊन आलो तरी, पिशवीत टॉवेलात गुंडाळून.

यंत्र खोटं आहे का ते बघायला आईचा दंड मोजला. ती महापालिकेच्या शाळेत शिपाई आहे, दिवसभर बाकडी हलवते. चरबी तीस, पण दर्जा माझ्याहून जास्त! एकशे एक. रविवारनंतर पहिल्यांदा हसली. म्हणाली, "त्या डबड्याला म्हणावं, एकदा तुझं पोट मोज. आत काय पडलंय का बघ."

मी पुन्हा स्वतःचा दंड मोजला. पंच्याण्णवच.

९ एप्रिल, बुधवार

नऊ. दर्जा एक्क्याण्णव. आता फक्त एक टक्का.

सरांनी मला साहेबांच्या व्हॅनिटी व्हॅनच्या मागे नेलं. इकडेतिकडे बघितलं. हळू आवाजात, "आकाश, थांब आता. घरी जा, जेव. भात खा, मटण खा, मनात येईल ते खा. मी याहून जास्त काही बोलू शकत नाही."

का नाही बोलू शकत? मी म्हणालो, आठ होऊ दे, मग जेवतो. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "कुठले आठ?"

कुठले आठ म्हणे! सगळ्या मुंबईत लावलेत आणि मला विचारतात. गोड बोलून गळा कापायची ही रीत मला चांगली ठाऊक आहे. मी आठाला पोचलो तर निलेशला कुठे बसवणार, ही अडचण आहे त्यांची. निलेशला आज बसल्या जागी ताट दिलं, वर दही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. बिल्डिंगवर निळ्या माळा, खाली मंडप. आईने पहाटे उठून खीर केली, दरवर्षी करते. पहिली वाटी मला असते. मी चमचा ओठाला लावला आणि ठेवला. परवा स्विमिंग पूलचा सीन आहे, उघड्या अंगाने. एका वाटीसाठी पंचवीस दिवस पाण्यात घालू?

संध्याकाळी मिरवणुकीत झेंडा माझ्या हातात होता. चौकात डोळ्यांपुढे अंधारी आली. कोणीतरी झेंडा धरला, कोणीतरी मला धरलं. आई बायकांच्या घोळक्यातून धावत आली. सगळ्यांसमोर माझा शर्ट वर करून पाठीवरून हात फिरवला. मला लाज वाटली, हात झटकला मी. ती म्हणाली, "हाडं लागतात रे माझ्या हाताला."

आज सकाळी आठ आला होता. नेमका आठ. तिला सांगायचं राहूनच गेलं.

१६ एप्रिल, बुधवार

लिहायला बसलोय पण काय लिहू.

पूल. साहेब पायऱ्यांवरून पाण्यात उतरणार, तिथून पुढे मी पोहत जाणार. दोघांची चड्डी सारखी. मी आधीच उघडा उभा होतो. साहेब आले. जॅकेट काढलं.

पोट चड्डीवर आलेलं. छाती सैल. कमरेला दोन्ही बाजूंनी वळ्या. निलेशच!

एवढी माणसं जमलेली. सगळे ढगांकडे, झाडाकडे, बुटांकडे बघत होते. मी एकटाच साहेबांकडे बघत होतो, तोंड उघडं टाकून. त्यांनी मला बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत. मग दिग्दर्शकाला म्हणाले, "हा सुका बोंबील कोणी आणला?"

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले.

निलेशला बोलावलं. चड्डी घालून पाठमोरा उभा राहिला — फरक सांगता येत नव्हता. दोन टेकमध्ये ओके.

नंतर सर जिन्यात भेटले. म्हणाले, "तेवीस टक्के आहेत त्यांचे. पहिल्या दिवशी अठरा होते. त्यांना शेजारी बारीक माणूस चालत नाही, ते आणखी मोठे दिसतात. कसं सांगणार होतो तुला? त्या मेकअपच्या पोरीचं काय झालं बघितलंस ना. शिरा पाठवला, यंत्र दिलं, शेवटी जेव म्हणून पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं." वर म्हणाले, "तू शिरा खाल्लास असंच मी धरून चाललो होतो."

पुढचे तिन्ही सिनेमे निलेशला. त्याचा सरांवर संशय नव्हता. समोर ठेवलं ते खाल्लं.

मी होर्डिंगबद्दल विचारलं. तो फोटो मग कुठला? जुना? सर घाईत होते. "जाहिरातवाल्यांचं मला माहीत नाही."

१७ एप्रिल, गुरुवार

यंत्र परत दिलं. आता काम नाही, घरीच.

१९ एप्रिल, शनिवार

आईबरोबर भाजीला गेलो. मेट्रोच्या जिन्याशी ती थांबली, पिशवी खाली ठेवली, वर बघितलं. म्हणाली, "किती छान आलाय तुझा फोटो."

मी म्हणालो, ते साहेब आहेत. ती म्हणाली, "तोंड त्याचं. पाठ तुझीच ना? वर्षभर मांडीवर पालथा घालून तेल चोळलंय मी तिला. डावा खांदा बघ, जरा खाली. लहानपणापासून तसाच."

मी नीट बघितलं. मागे निळा पडदा नव्हता. तो निळा दरवाजा होता, मढच्या बंगल्याचा. कडीसुद्धा दिसत होती.

"तुला म्हाईत नव्हतं? मला वाटलं, लाजून सांगत नाहीस. मी रोज शाळेत जाताना बघते." मग पिशवी उचलत म्हणाली, "कसा भरलेला होतास. परत तसा व्हावास म्हणून तर तूप घालत होते."

त्या पाठीत तेरा टक्के आहेत. मला माहीत आहे.