सातव्या पाळीची वही

मी, सभागृहाची निवृत्त लघुलेखिका, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास धाकट्या मुलाला विचारावे, कालच त्याला पत्त्यांत सलग तीनदा हरवले आहे. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहते घर लेक आणि धाकटा यांना निम्मे-निम्मे. खिडकीच्या खोलीवरून भांडू नये. ती दुपारी भयंकर तापते, हे घेणाऱ्याला कळेलच.

२. बांगड्या सूनबाईला. आमचे फारसे पटले नाही, पण तोंडावर बोलणारी तेवढी तीच.

३. सरकारी रोखे धाकट्याला. सरकारला आपणही उसने दिले आहेत, तेव्हा पैसे कुठे गेले हे विचारायला त्याने भीड बाळगू नये.

४. लोखंडी कपाटातली हिरवी वही लेकीला. खरी मिळकत हीच. आम्ही सभागृहात पाच-पाच मिनिटांच्या पाळ्यांनी भाषणे टिपायचो. त्या दिवशी सातवी पाळी माझी. पस्तीस वर्षांत फेडायच्या कर्जाचे विधेयक माझ्या पाळीत मांडले गेले आणि माझ्याच पाळीत मंजूर झाले. एका सदस्यबाईंनी विचारले, "एकूण कर्ज किती, आणि फेडणार कोण?" मंत्री म्हणाले, "कागद नंतर वाटू." हशा झाला आणि हात वर गेले.

छापील कार्यवाहीत मात्र आले, 'सविस्तर चर्चेअंती संमत'. आमचे साहेब, म्हणजे लघुलेखकांचे प्रमुख, मुख्य प्रतिवेदक, म्हणाले होते, "बाई, त्या गोंधळात कुणाला काय ऐकू आलंय? गाळून टाका." मी गाळले आणि खाली सही केली. नोकरीची भीती होती. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

छपाईनंतर वह्या जाळायचा शिरस्ता होता. मी कोरी वही जाळली.

५. माझे लघुलेखन लेकीखेरीज कुणाला वाचता येत नाही. लहानपणी तिला बाजाराच्या याद्या त्यातच लिहून द्यायचे. तिने वही साध्या अक्षरात उतरवून सभागृहाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. ती म्हणते, "आई, बावीस वर्षांनी कोण वाचणार गं?" नात वाचेल. शेवटचा हप्ता तिच्या चाळिशीत येतो.

६. लेकीने वाचून दाखवले तर लोक म्हणतील, आईची बाजू घेते. म्हणून साक्षीला साहेबांनाच बोलावले आहे. त्यांच्यावर माझा बावीस वर्षांचा राग आहे, ते माझी बाजू घेतात असे कुणी म्हणणार नाही. सही करण्यापूर्वी हे सगळे त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, तेव्हा त्यांच्या वाट्याला फक्त चहा.

ठिकाण: घरी, जेवणाचे टेबल
दिनांक: अधिवेशनाच्या आधीचा सोमवार, सकाळी अकरा

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले, आमचे डॉक्टर: (सही) बुद्धी शाबूत आहे. पत्त्यांबद्दल माहिती नाही.

साक्षीदार दुसरे, निवृत्त मुख्य प्रतिवेदक: (सही) कलम चार ऐकले. बाईंनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. मलाही तेव्हा स्पष्ट ऐकू आले होते.