आक्काच्या उपासांचं कारण

प्रिय आक्का,

पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या आतड्याचा तुकडा मी मायक्रोस्कोपखाली पाहिला, म्हणून आज लिहायला बसलेय. तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ भांडले, पण तुला सांगण्यासारखं हाती काही नव्हतं. आता आहे.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. सोनारीला तुझ्या घरी आले की शेजारणींना सांगायचीस, "आमची शकू लघवी तपासती, पन डाक्टर हाय." मी चिडायचे आणि तू तोंडाला पदर लावून हसायचीस. तर ऐक. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवतात. त्याचा अगदी पातळ काप काढून काचेवर रंगवतात आणि आम्ही तो बघतो. उरलेली मेणाची वडी दवाखाना वर्षानुवर्षं जपून ठेवतो. तुझीही सोलापुरात होती. अर्ज करून मी ती धाराशिवला आणली.

एवढ्या वर्षांनी का आणली, ते सांगते. तुझी मंजू आजारी आहे.

दिवाळीनंतर तामलवाडीला तिच्या सासरी गेले होते. सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, "लई गुणाची सून. आईचं वळण हाय बगा. मंगळवार, शुक्रवार, रविवार, तोंडात दाना न्हाय." ते ऐकून मी उठलेच. मंजूला परसात नेऊन विचारलं, उपास आहे की जेवण जात नाही? ती खाली बघत म्हणाली, "जात न्हाय मावशी. दोन घास खाल्लं की पोट नगाऱ्यावानी हुतंय."

तुझंही असंच होतं ना गं? मंगळवार भवानीचा, रविवार भैरवनाथाचा, वर चतुर्थी आणि एकादशी. तू जेवायचीस तरी कधी? गावातल्या बाया तुझ्या पाया पडायच्या. दवाखान्यात मात्र उलटं. तिथले डॉक्टर म्हणाले, उपास करून करून बाईंनी पोट बिघडवून घेतलंय. एकदा मी खनपटीलाच बसले, तेव्हा तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "देवीच्या नावानं न जेवलं तर चालतंय शकू. नुसतं न जेवलं तर घरात चालत न्हाय."

मला वाटलं, सासूबद्दल बोलतेस. तू पोटाबद्दल बोलत होतीस. मग सरळ का नाही सांगितलंस? डॉक्टर बहिणीचं काय लोणचं घालणार होतीस?

तुला दुर्बीण घालून तपासलं, आतड्याचे चिमटीएवढे तुकडे घेतले, रिपोर्ट चांगला आला. येणारच होता. तो चिमटा आतड्याचं आतलं अस्तर तेवढं उचलतो. आतडं पुढं ढकलणारे स्नायू त्याच्या खाली असतात, दोन थरांत, आणि त्या थरांच्या मधोमध नसांचे पुंजके. दुखणं तिथं असेल तर अस्तराला काय कळणार? मग पोट उघडलं. अडथळा कुठंच सापडला नाही. फुगलेला वीतभर भाग कापून तपासायला पाठवला. क्षय आहे का, कर्करोग आहे का, एवढंच विचारलं होतं. दोन्ही नाही, असं उत्तर आलं आणि सगळे निर्धास्त झाले. तू तेवढी झाली नाहीस.

आता मंजूच्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं, "आतडं चिकटलंय वाटतं, उघडून बघू." तारीखही दिली. ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मी सोलापूरची एसटी धरली.

तुझ्या वडीचा नवा काप काढून मी तो खास रंगात रंगवला. या रंगात धड स्नायू लाल दिसतो आणि जिथं स्नायू मरून व्रण भरलाय, ती जागा निळी. आक्का, तुझा बाहेरचा थर जवळजवळ सगळा निळा होता. उरल्यासुरल्या लाल धाग्यांना भोकं पडली होती. नसांचे पुंजके मात्र जागच्या जागी. मी खुर्ची मागं सरकवली आणि रडले. आमच्या लॅबमधल्या मुलीनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

पुण्याला माझ्या मॅडम आहेत, आतड्यांच्याच काचा बघतात. त्यांना पाठवलं. त्यांचंही तेच मत पडलं: आतड्याच्या स्नायूंचा आजार, बहुधा घराण्यात चालत येणारा. उपासानं झालेला नव्हे. आतडं अन्न पुढं ढकलत नव्हतं, म्हणून तू उपास धरत होतीस.

मंजूच्या डॉक्टरांना काच दाखवली. भला माणूस, बराच वेळ बघत बसला. मोठं ऑपरेशन रद्द केलं. आता लहानशा छेदातून सगळे थर येतील असा तुकडा घेणार आहेत. तो मी आणि मॅडम दोघी बघू. हा आजार मुळापासून बरा होत नाही, हे मी मंजूला लपवून ठेवलेलं नाही. पण थोडं थोडं, पातळ, वेळेवर खाता येतं, औषधं असतात, गरज पडली तर शिरेतून पोषण देता येतं. आणि पोट उगाच कापायचं नाही, हे आधी कळतं.

मंजूनं सगळं ऐकून एकच विचारलं, "मावशी, मग आईला हे कळलं आस्तं तर?"

मी म्हटलं, माहीत नाही. खोटं कशाला बोलू?

उद्या तामलवाडीला जातेय. सासूबाईंची समजूत घालायचीय, आणि त्या काही सहज ऐकणाऱ्यातल्या नाहीत. त्यांच्या देवाला मी बोट लावणार नाही. पण भरल्या घरात, पोराबाळांसमोर, जावेसमोर सांगणार आहे, की ही पोरगी आजारी आहे आणि ती जेवत नाही ते आजारानं. पटेपर्यंत सांगेन. उठून जा म्हटलं तरी उठणार नाही. आक्का, तुझ्यासाठी हे एक वाक्य कुणी कधी बोललं नाही. तुझ्या लेकीसाठी मी बोलेन, हा माझा शब्द.

तुझीच धाकटी,
शकू