मुख्य कामगिरी सोडून बाकी सगळं

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
तारीख जाहीर झाली. 'धुक्याचा मुलूख'चा चौथा भाग १९ एप्रिलला येणार. तिसऱ्यानंतर तब्बल नऊ वर्षांनी. मी शांत आहे. पाणीपुरवठ्याचा तक्रार विभाग सांभाळणाऱ्या बाईने व्हिडिओ गेमच्या बातमीने हुरळून जायचं नसतं. चहा सांडला तो कपाचा कान सैल होता म्हणून.

संध्याकाळी ६.३०
लेकीचा फोन. तिनेही बातमी वाचलेली. मेमध्ये ती दोन वर्षांसाठी परदेशी जाणार, नोकरीच्या कामाने. त्याआधी १९ एप्रिलच्या रविवारी घरी येणार आणि चौथा भाग आम्ही दोघी एकत्र सुरू करणार. पहिले दोन भाग तसेच खेळलो. ती लढायची, मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढायचे आणि डावीकडे की उजवीकडे ते सांगायचे. तिसरा आला त्या वर्षी तिला नोकरी लागली. सुरुवात तिने चार दिवसांत करून दिली आणि जाताना म्हणाली, शेवट तू कर आई, नवीन भाग त्यावरच चालणार आहे. गादीवर कोण बसलं, कोण जिवंत राहिलं, सगळं पुढे येतं म्हणे.

आज विचारलं, संपवलास ना गं? म्हटलं, म्हणजे काय!

हे खोटं नव्हे. धुक्याची राणी तेवढी राहिली आहे. ती गडावर जिन्याच्या टोकाशी उभी असते. वर जायचं, तिला हरवायचं, झालं. दोन संध्याकाळींचं काम.

५ मार्च, गुरुवार
निश्चय. रोज सात ते आठ. फक्त मुख्य कामगिरी. वाटेत कोणाशीही बोलायचं नाही.

८.२०
गडाच्या वाटेवर गिरणीवाला आडवा आला. गिरणीत उंदीर झालेत म्हणाला. तक्रार ऐकून न घेता पुढे जाणं माझ्या रक्तात नाही. वीस मिनिटांत निकाल लावला. मग त्याच्या बहिणीचं काहीतरी होतं. मग बहिणीच्या शेजारणीचं. राणी काही पळून जात नाही.

९ मार्च, सोमवार
पद्धत नसली की असं होतं. आमच्या ऑफिसात प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड असतं. सकाळी फिटर ट्रेमधून कार्डं उचलतो, काम करतो, 'निकाली'चा शिक्का मारून परत ठेवतो. छपाई बिघडलेली काही कार्डं घरी आणली आणि मुलखातल्या सगळ्या शिल्लक तक्रारी लिहून काढल्या. एकसष्ट. त्या संपल्या की डोकं मोकळं. मग राणी.

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, अगं, नऊ वर्षं ती बाई जिन्यावर उभी आहे, गुडघे गेले असतील तिचे. निवृत्त माणसांना विनोदाला भरपूर वेळ असतो.

१४ मार्च, शनिवार
सतरा निकाली. तेवीस नव्या आल्या. याचा अर्थ लोकांचा विश्वास वाढतो आहे.

१९ मार्च, गुरुवार
ऑफिसात एक किरकोळ प्रकार. घरचं एक कार्ड ऑफिसच्या गठ्ठ्यात गेलं. 'जुन्या गिरणीमागची विहीर. संध्याकाळी आतून कोणीतरी रडतं. तातडीने.' खाली माझी सही.

आमच्या फिटरने अकरा वर्षांत मला उलट प्रश्न विचारलेला नाही. तो गेला. शहराच्या टोकाला त्याला एक जुनी गिरणी सापडली, तिच्यामागे विहीर सापडली आणि विहिरीला लागून पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, संध्याकाळी दाब वाढला की शिट्टी मारणारा. वॉशर बदलला. शिक्का मारून कार्ड माझ्या टेबलावर. शेरा: आता रडत नाही.

साहेबांनी सर्वांसमोर कौतुक केलं. तक्रार अशी नोंदवावी म्हणाले. टायपिस्टने विचारलं, तक्रार केली कोणी? म्हटलं, तक्रारदाराचं नाव आपण फोडत नसतो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. बघू दे. माझी पद्धत दोन्हीकडे चालते, हे सिद्ध झालं.

मुलखातली विहीर अजून रडतेच आहे. तिथे फिटर नाही, ही खरी अडचण.

२ एप्रिल, गुरुवार
गेम पुढे ढकलला! आता १० मे. कंपनी म्हणते, अजून थोडं काम बाकी आहे. काम बाकी आहे हे ऐन वेळी कळतं? आमच्या विभागात तीन आठवडे उशीर झाला तर लेखी खुलासा मागतात. कंपनीला दोन पानी कडक ई-मेल लिहिला. मग दोन कप चहा घेतला. हे म्हणाले, आज गुणगुणते आहेस. मी गुणगुणत नव्हते. श्वास घेत होते.

संध्याकाळी ७
लेकीचा फोन. तिचं विमान ११ मेच्या सकाळी, तिच्या शहरातून. म्हणजे रविवारी सकाळी दहाला येणार आणि पाचला निघणार. रजा नाही, सामान बांधायचं राहिलंय, घराच्या किल्ल्या परत द्यायच्यात. आवाज थकलेला होता. तरी म्हणाली, येणार म्हणजे येणार, निदान पहिलं गाव तरी दोघी बघू. मग म्हणाली, गादीवर कोणाला बसवलंस ते तरी सांग. म्हटलं, योग्य व्यक्तीला. म्हणाली, आई, तू ना, अगदी सरकारी आहेस.

उद्यापासून सात ते नऊ.

१८ एप्रिल, शनिवार
बाकी नऊ. विहीर निकाली काढली. आत एक म्हातारा सैनिक बसून रडत होता. फक्त ऐकून घ्यायचं होतं. चाळीस मिनिटं ऐकलं.

२५ एप्रिल, शनिवार. सायं. ७.४०
जिन्यापाशी पोहोचले! पडद्यावर सूचना आली: इथून पुढे गेल्यास परत फिरता येणार नाही. जायचं का?

बाजूला तिरंदाजीण उभी होती. पहिल्याच दिवशी लेकीने हिला सोबतीला घेतलं होतं, हिरवी टोपीही तिनेच निवडलेली. जिन्यापाशी आलं की ही एकच वाक्य म्हणते: एवढी चढण संपली की आपापल्या घरी.

'नाही' दाबलं. दाराची बेल वाजली होती.

हे म्हणतात, वाजली नाही. ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

२६ एप्रिल, रविवार
जिना. सूचना. पुन्हा बेल. या वेळी हे स्वतः उठले, दार उघडलं, उंबऱ्यात उभे राहिले, परत आले. म्हणाले, कोणी नाही, राणी खाली आली असेल असं वाटलं होतं.

३ मे, रविवार
शिल्लक तक्रारी शून्य. नऊ वर्षांत प्रथमच. समाधान वाटायला हवं होतं. गावभर फिरले, प्रत्येकाला विचारलं. सगळे एकच म्हणतात, आमचं छान चाललंय. लोहाराकडे तीनदा गेले. त्याचंही छान चाललंय.

६ मे, बुधवार
पंधरा दिवसांची रजा मंजूर, लेक गेल्यावर चौथा भाग शिस्तीत खेळता यावा म्हणून. कारणाच्या रकान्यात 'घराची रंगरंगोटी' लिहिलं. टायपिस्ट विचारत होती, कोणता रंग? म्हटलं, धुकट.

९ मे, शनिवार. सायं. ७
आज संपवते. काही झालं तरी.

८.००
आलेखाचे नवे कागद काढले. पेन्सिलींना टोक केलं. सोफा झटकला, पडदा पुसला, पडद्यामागची भिंतही पुसली. आता एवढ्या कामानंतर राणीशी लढणं हा तिच्यावरही अन्याय. उद्या सकाळी आठला, ताज्या डोक्याने. लेक दहाला येईल. दोन तास म्हणजे चैन.

१० मे, रविवार. सकाळी ८.०५
कंट्रोलर हातात आहे. जिना समोर आहे.

८.१५
बेल वाजली. खरोखर. लेक आली. पहिल्या गाडीने. लवकर येण्याची ही सवय हिला लागली कुठून?

सायंकाळी ६
आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

चहा व्हायच्या आत तिने चौथा भाग डाउनलोडला लावला आणि जुनी फाइल शोधायला घेतली. पडद्यावर आलं: 'शेवट झालेला मुलूख सापडला नाही.' म्हटलं, कॉम्प्युटरचा दोष असेल. तिने यादी उघडली. निकाली तक्रारी: चारशे अडतीस. मुख्य कामगिरी: बाकी.

तिने माझ्याकडे पाहिलं. आई, एवढंच म्हणाली. मग हसायला लागली ती थेट जमिनीवर बसली. ह्यांनीही साथ दिली. बाबा, तुम्हाला माहीत होतं? असं तिने विचारलं, तर हे म्हणाले, मी रोज दार उघडत होतो.

मग तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, चढ. तिरंदाजीण तिचं वाक्य बोलली. मी थांबले. लेक म्हणाली, बेल वाजली तर बाबा बघतील.

चढले.

नऊ वर्षं ज्या लढाईची तयारी केली ती अशी झाली: किरकोळ कामं करून करून माझं बळ इतकं वाढलं होतं की राणी पहिल्याच फटक्यात पडली. ती काहीतरी बोलायला लागली होती. वाक्यसुद्धा पुरं झालं नाही. लेक म्हणाली, तिला निदान दोन शब्द तरी बोलू द्यायचे होतेस.

मग निरोप समारंभ. ज्याचं ज्याचं काम केलं तो प्रत्येक जण येऊन आभार मानतो. एकेक करून. हा समारंभ वगळून पुढे जाण्याची सोय गेमवाल्यांनी ठेवलेली नाही. कोणी चारशे अडतीस कामं करील असं त्यांना वाटलंच नसावं. सव्वानऊला पहिला माणूस आला. शेवटची व्यक्ती गेली तेव्हा पावणेतीन झाले होते.

जेवण तिथेच, ताटं मांडीवर घेऊन. लेक एकेकाचं कार्ड शोधून मोठ्याने वाचायची. या मेंढपाळाने तीनदा तक्रार केली आणि तू तीनदा गेलीस? म्हटलं, मेंढ्या तीनदा हरवल्या. दुपारी मान दुखते म्हणून तिने डोकं माझ्या मांडीवर टेकलं. पायाला मुंग्या आल्या. सोफा अरुंद असल्यामुळे पाय हलवणं शक्य नव्हतं.

सर्वांत शेवटी तिरंदाजीण आली. टोपी काढली आणि टेकडीपलीकडे गेली. लेकीच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. माझ्याही. पंख्याची पाती पुसायला हवीत.

चौथा भाग उघडेपर्यंत चार वाजून गेले. पहिला पडदा: स्वतःचा चेहरा तयार करा. लेक म्हणाली, या वेळी तूच पात्र, अगदी हुबेहूब तू. नाकावरून वाद झाला. तिने केलं ते फार लांब होतं. तटस्थ मत म्हणून ह्यांना बोलावलं, तर ह्यांनी अजून थोडं वाढवा म्हटलं. हनुवटीला दहा मिनिटं गेली. केसांचा अंबाडा सापडायला आठ. एवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न.

पहिलं गाव राहिलं. जिन्यात ती म्हणाली, तू खेळ आई, माझ्यासाठी थांबू नकोस. म्हटलं, थांबतंय कोण!

११ मे, सोमवार. सकाळी ९
विमानात बसल्याचा मेसेज आला. रजेचा पहिला दिवस. मन प्रसन्न. कंट्रोलर हातात.

११.३०
चेहरा समोर आहे. नाक, हनुवटी, अंबाडा, सगळं मनासारखं. डोळे मात्र करायचे राहिलेत. तिथे नुसतं पांढरं आहे. हे येऊन बघून गेले. म्हणाले, अगं, दोन बटणांचं काम. मी समजावून सांगितलं की दोघींनी सुरू केलेल्या कामात एकीने परस्पर निर्णय घ्यायचा नसतो. डोळ्यांचं आमचं अजून बोलणं झालेलं नाही.

आणि डोळे ठरल्याशिवाय गेम पुढे जात नाही. बाकी सगळी तयारी चोख आहे.

दोन वर्षांत होईल.