त्रेचाळीस फोटो आणि वधूची आई

मुलुंड (पूर्व),
८ जानेवारी २०२५

ती. जानकीआक्कास,
द्रौपदीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दाजींच्या पायाचं प्लास्टर लग्नाआधी निघणार नाही, म्हणजे मनालीच्या लग्नाला तूही नाहीस. वाईट वाटलं. फोन करणार होते, पण तुला ऐकू येत नाही आणि माझं बोलणं दिवाळीपासून कुणाला कळत नाही. गेल्या वेळी मी दहा मिनिटं तुझी खुशाली विचारत होते आणि तू मला हरभऱ्याचा भाव सांगत होतीस. त्यापेक्षा पोस्ट बरं.

माझ्या चेहऱ्याची डावी बाजू अजून संपावरच आहे. डॉक्टर म्हणतात, नस सुजलीय, महिने लागतील, धीर धरा. धीर धरते गं, चहा धरता येत नाही, डावीकडून गळतो. शिवाय उजवा डोळा मिटतो आणि डावा उघडाच राहतो, त्यामुळे साधी पापणी लवली तरी डोळा मारल्यासारखं दिसतं. आमचे मुख्याध्यापक हल्ली माझ्याशी जमिनीकडे बघून बोलतात.

आता कामाचं. फोटोग्राफर ठरला, भांडुपचा शिवदास. मागच्या एका लग्नात नवरीच्या आजीचा एकही फोटो निघाला नाही म्हणून लोक त्याच्या दुकानात येऊन भांडले. तेव्हापासून तो कोणते फोटो हवेत त्याची यादीच लिहून घेतो. मनालीला ऑफिसातून सवड नाही. ती म्हणाली, तुला हजेरी घ्यायची सवय आहे, तूच कर. झालं, बाईंना वही मिळाली! त्रेचाळीस फोटो लिहून काढलेत. क्रमांक सात, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावताना वधूवर. आठ, मेणबत्ती विझल्यास पुन्हा लावताना. एकोणीस, खंडूमामा जेवणाआधी. वीस, खंडूमामा जेवणानंतर, कारण आधी तो कुणावर तरी रागावलेला असतो. शिवदासने यादी वाचली आणि काकू, पिक्चर काढायचाय का, असं विचारलं.

नक्कल सोबत पाठवतेय. आपल्याकडचं कुणी राहिलं नाही ना, ते बघ. दाजींना जयभीम. तुझ्या ओरड्याची वाट बघणारी,
द्रौपदी


करमाळा,
१७ जानेवारी २०२५

चि. द्रौपदीस,
जानकीचा जयभीम आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा पाय उशीवर आणि हुकूम माझ्या डोक्यावर. दिवसातून चार वेळा टीव्हीचा रिमोट कॉटखाली पडतो, आणि मी वाकले की पाय कसा ठणकतो ते हे मला सांगतात.

तुझी यादी चष्मा पुसून तीनदा वाचली. एक माणूस राहिलंय. वधूची आई. बाराव्या फोटोत मनाली, तिचे पप्पा आणि भाऊ केतन. मुलीच्या घरच्या फोटोत आई नाही? पंधराव्यात लिहिलंयस, आईचे हात, वधूला गजरा माळताना. एकतिसाव्यात आईची पाठ, पाहुण्यांचं स्वागत करताना. त्रेचाळीस फोटोंत मिळून तुझे दोन हात आणि एक पाठ. मी गावाकडची, पण मोजता येतं मला.

का ते विचारत नाही, कळतं. मीही हेच केलंय. तुझ्या लग्नाच्या आठ दिवस आधी हापशाचा दांडा लागून माझे पुढचे दोन दात पडले होते, आठवतं? फोटोवाल्याने सगळ्यांना रांगेत बोलावलं तशी मी भात बघून येते म्हणाले आणि चुलीमागे जाऊन बसले. तीन आचारी होते, भाताला माझी काही गरज नव्हती. परवा नात दीप्तीने तुझा अल्बम पाहिला आणि विचारलं, आजी, तुझं मावशीआजीशी भांडण झालं होतं का, तू एकाही फोटोत नाहीस. काय सांगू तिला? दात नंतर बसवले. फोटो कुठून बसवू?

यादी दुरुस्त कर. लहान आहेस म्हणून सांगते, आणि मोठी आहे म्हणून दोनदा सांगते.
तुझी चिडलेली,
आक्का


मुलुंड,
२७ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
स. जयभीम वि. वि.

तुझ्या पत्राने वाट लावली. पत्र आलं तेव्हा मी डोळ्यात औषध घालून पडले होते, म्हणून मनालीला म्हटलं, वाचून दाखव. रिमोटपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. दोन हात आणि एक पाठ आलं आणि ती थांबली.

मी गंमत केली की अर्ध्या चेहऱ्याचे पैसे शिवदास पूर्ण घेईल. पण माझे प-फ-ब-भ-म हल्ली ओठांवरून निसटतात, तिला काही कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितली. दुसऱ्यांदा सांगावी लागली की गंमत मरते. मग तिने खाली बघत विचारलं, आई, तुला चैतन्य पसंत नाही का? आक्का, पोरगी पंधरा दिवस हेच मनात धरून होती. यादी तिने आधीच पाहिली होती. आईला या लग्नात दिसायचंच नाही असा अर्थ तिने काढला, आणि आंघोळीला गेली की नळ सोडून रडायची. मी आपली बाहेर तिने पाणी वाया घालवू नये म्हणून दार वाजवायची. असली हुशार आई!

तिला खरं सांगितलं. तुलाही सांगते. मला माझ्या तोंडाची लाज वाटते, एवढंच असतं तर बरं होतं. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कल्पिता नावाची मुलगी होती, वरच्या ओठाला चीर असलेली. वर्गाच्या फोटोच्या दिवशी ती पुढे येऊन बसली. तू उंच आहेस, मागे उभी राहा, असं मी तिला सांगितलं. ती उंच नव्हती. गेली मुकाट. फोटो छान आला, मीही त्यात छान आले. यादीत स्वतःला वगळताना मला तीच आठवत होती, आणि तरी वगळलंच. तिचा पत्ता असता तर लिहिलं असतं. काय लिहिलं असतं, ते अजून सुचत नाही.

मनालीने यादी काढून घेतलीय. मला हात लावू देत नाही.
तुझ्या ओरड्याला पात्र,
द्रौपदी


मुलुंड,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

लग्न झकास झालं. रविवारी, सोळा तारखेला, सकाळी अकराला. मनाली पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की मी शिवदासला सोडून तिच्याकडेच बघत राहिले. मेणबत्ती विझली नाही. खंडूमामा जेवणानंतरही रागावलेलाच होता.

बाराव्या फोटोत मी मधोमध उभी राहिले. शिवदास सारखा काकू, स्माइल, स्माइल करत होता. शेवटी त्याला सांगितलं की बाबा, अर्धंच येतं, त्यात भागव. तो एवढा ओशाळला की त्याच्या हातून दोन फोटो हलले.

पण खरी परीक्षा पुढे होती. पाहुण्यांचे आभार मनालीचे पप्पा मानणार होते. गेले दोन आठवडे आरशापुढे पाठ करत होते. माइक हातात घेतला, दुसऱ्याच वाक्याला रडू फुटलं, आणि काही कळायच्या आत माइक माझ्या हातात देऊन ते खाली बसले. चारशे माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. आयुष्यभर मराठी शिकवलं ते तिथे कामाला आलं. ओठ लागत नाहीत असे शब्द शोधून म्हटलं, सगळे आलात, आनंद झाला, आता खाऊन घ्या. पंगतीतल्या वाढप्यासारखं वाटलं असेल.

शेवटी मात्र पर्यायी शब्द नव्हता. जयभीम म्हणायला गेले आणि त्यातला भी कुठच्या कुठे उडाला, म सुद्धा अर्धाच आला. मला वाटलं जमीन दुभंगावी. तेवढ्यात अख्ख्या हॉलने एका आवाजात मला जयभीम घातला. मागच्या खुर्च्यांवरचे म्हातारेही उभे राहिले, चैतन्यच्या आई टेबल धरून उठल्या. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा वाकडंच आलं. पुन्हा सगळे.

शिवदासने तेव्हा फोटो काढला. तो कुठल्याच यादीत नव्हता. मनालीने नेमका तोच मोठा करून सासरी हॉलमध्ये लावलाय. मी म्हटलं, दुसरा लाव, लोक येतात-जातात. ऐकत नाही.

तुला एक प्रत पाठवतेय. माझं तोंड उघडं आहे, एका बाजूला ओढलेलं, एक डोळा बारीक, दुसरा बटाट्याएवढा. फोटो सुंदर नाही, उगाच कौतुक करू नकोस. पण काल खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. या बाईला बघून ती खूश आहे हे कुणालाही कळेल.

दाजींच्या पायाचं लिही. माया आहेच, ओरडाही असू दे.
तुझी,
द्रौपदी