निळ्या ओढणीची गाठ

शनिवार, १० जानेवारी

पहिल्याच दिवशी खोटं बोलले. तेही माइक हातात घेऊन!

पेणला पालकांचं शिबिर सुरू झालं. अपंग मुलांच्या आईबापांसाठी, दर शनिवारी, दहा ते एक. सतरा आया आणि एक बाप. रोह्याकडून मी एकटीच. दामोदरला शनिवारी कंपनीची सुट्टी असते, म्हणून आमची इशिता त्याच्याजवळ.

शिकवणाऱ्या सुरभी मॅडम वयानं लहान आहेत, पण बोलणं समजूतदार. त्यांनी सरळच विचारलं, "मुलाला बांधून कोण कोण ठेवतं? लाजू नका." सगळ्यांच्या माना खाली. हात वर केला तो एकीनंच – हौसानं. खाडीकडच्या गावची, मिठागरावर कामाला जाते. "मी बांधते. जुन्या लुगड्यानं, खांबाला. प्रणित सात वर्षांचा हाय, बोलत नाय, सुटला का पलतो. मंग मीठ कोन ओढंल?"

मागून कुणीतरी च्च केलं. ते मलाच लागलं आणि मी उठले. "मीसुद्धा बांधायचे. आता नाही बांधत." दाराला वरून कडी, इशिताच्या कमरेला घुंगरू, भिंतीवर दिवसभराच्या कामांची चित्रं – सगळं घडाघडा सांगितलं. सकाळी वाटलेल्या पुस्तिकेतलंच! चहाच्या वेळी चाळली होती. टाळ्या पडल्या. मला आवडल्या.

सोमवार, १२ जानेवारी

पाच वाजता शिकवणीची मुलं येतात. पावणेपाचला इशिताला आतल्या खोलीत खाटेच्या पायाला बांधलं. निळी ओढणी, सुती, मऊ. घोट्यावर वळ उठत नाही. एवढी काळजी घेते मी!

नऊ वर्षांची आहे. ऑटिझम. दार उघडं दिसलं की गेलीच. दोन वर्षांपूर्वी इथून, वरसेहून, निघून थेट कुंडलिका नदीच्या पुलावर पोचली होती. पलीकडच्या अष्टमी गावच्या एका फळवाल्यानं हात धरून ठेवला म्हणून सापडली. कोंडून ठेवलं तर भिंतीवर डोकं आपटते. त्या दिवसापासून ओढणी. दामोदरला माहीत आहे. आम्ही त्यावर बोलत नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान...

शनिवार, १७ जानेवारी

हौसा मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसली. घुंगरू केवढं घ्यायचं? कमरेला की पायाला? किती दिवसांत थांबली तुझी पोर?

"अठरा," मी म्हणाले. वीस म्हटलं असतं तर बनावट वाटलं असतं. काय हुशार बाई आहे मी!

"आनि जवल कोन बसायचं?"

"कुणी नाही. मी पुढच्या खोलीत शिकवत असते, ती मागे आपली फिरते."

हे तर पुस्तिकेतही नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"तू शिकलेली हायस गो. तू सांगतेस म्हंजी बरोबरच." जाताना पिशवीभर खडेमीठ दिलं. तिच्याच हातचं. घेतलं.

बुधवार, २१ जानेवारी

आज खरंच सोडून बघितलं. मुलांचा तेराचा पाढा संपायच्या आत इशिता फाटकाबाहेर. परत बांधली.

शनिवार, २४ जानेवारी

हौसाचं तोंड नुसतं फुललं होतं. प्रणितला सोडून आठवडा झाला! आता घुंगरू वाजवत मिठागराच्या बांधावर येतो, ती दिसली की थांबतो, तिच्या पदराशी बसतो. "सात वर्षांत कदी आला नव्हता गो माज्याकडं. बांधलेला कसा येनार?"

सगळ्या बायका रडल्या. मीही रडले. मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून लतिकाताईच, म्हणजे मी, गावागावांत जाऊन आयांना शिकवतील. मला ओळखपत्र मिळणार आहे, फोटोसकट.

एसटी स्टँडवर हौसा आणि मी दोघीच होतो. चांगली वीस मिनिटं. सांगावं असं आलं होतं ओठांवर. पण तिला जमलंय ना? मग कशाला तिच्या आनंदात माती कालवायची? माझं खोटं तिच्याकडे जाऊन खरं झालं, असं मनाशी म्हणाले. बस आली, चढले.

शनिवार, ३१ जानेवारी

शिबिराला गेले नाही. डोकं दुखतंय असं दामोदरला सांगितलं. दुखत नव्हतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी सुरभी मॅडमचा फोन. हौसाचा प्रणित गेला.

काल दुपारी. पौर्णिमेच्या उधाणाची भरती होती. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायचा चर भरून वाहत होता. हौसा पलीकडे मीठ ओढत होती. तो तिच्याकडेच निघाला होता. घुंगरू ऐकून तिनं मान वर केली, हाक मारली, म्हणे. त्याला हाक कळली आणि तो सरळ चालत आला. मधे चर.

मी फोन ठेवला आणि कुकर लावला. तीन शिट्ट्या मोजल्या. मग खालीच बसले.

बुधवार, ४ फेब्रुवारी

दामोदरला सगळं सांगितलं. शिबिरातलं, स्टँडवरचं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू काय ढकललंस का त्याला? इतकं मनाला लावून घेऊ नकोस." थोड्या वेळानं – "आणि कुणाला बोलू नकोस."

मी तिला दाराची कडी सांगितली. तिच्या घराला दार आहे की नुसता पडदा, ते विचारलंसुद्धा नाही. तिच्या दाराबाहेर खाडी आहे आणि माझ्या दाराबाहेर दामोदरची स्कूटर! एवढंही मला कळू नये? मुलांना भूगोल शिकवते मी!

शनिवार, ७ फेब्रुवारी

गेले. सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. मग सुरभी मॅडमनी पुस्तिका उघडली आणि पान अकरा मोठ्यानं वाचलं. 'मुलाला मोकळं करताना पहिले तीन महिने एक मोठं माणूस सतत सोबत हवं. घराजवळ पाणी असल्यास आधी कुंपण.' "हे मी हौसाताईंच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

पोरगी सगळ्यांसमोर हात जोडून उभी होती. माझी पुस्तिका माझ्या पर्समध्ये होती, पान अकरासकट. मी चहाच्या वेळी नऊपर्यंतच वाचली होती. एक शब्द बोलले असते तर तिचे हात खाली आले असते. मूग गिळून बसले.

ओळखपत्र तयार आहे म्हणाल्या. नको म्हटलं. "तुम्हाला फार लागलंय ताई," म्हणून त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. किळस आली मला माझी.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

हौसाला पत्र लिहिलं. चार पानं. पाकीट चिकटवल्यावर आठवलं, तिला वाचता येत नाही. कुणाकडून तरी वाचून घेईल. म्हणजे सगळ्या गावाला कळेल. फाडलं. गावाला कळेल म्हणून फाडलं, दुसरं काही कारण नाही.

तिचं मीठ बरणीत तसंच आहे. दुकानातून पुडी आणली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

ठरवलं. शनिवारी तिच्या गावी जायचं, तिच्यासमोर बसायचं आणि सांगायचं. मारलं तर मार खायचा. दामोदर म्हणाला, "जाऊन तुझं मन हलकं होईल, तिचं काय होईल?" तरी जाणार.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

हौसाच आली. बहिणीकडे अष्टमीला आली होती, तिथून पत्ता विचारत विचारत. शिकवणी चालू होती, पुढे चपलांचा ढीग, म्हणून मागच्या दारानं आत आली. माझ्याआधी तिला इशिता दिसली.

आतून चाहूल लागली म्हणून मी धावत गेले, तर ती खाटेपाशी उभी. ओढणीकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं.

ती खाली बसली. इशिताच्या घोट्याजवळची गाठ दोन बोटांनी ओढून बघितली.

"ढिली हाय गो," म्हणाली, आणि सोडून पुन्हा घट्ट बांधून दिली.